रात्रभर उपाशी, तरी सकाळी शुगर जास्त

"काल रात्री जेवलोच नाही. नुसतं ताक पिऊन झोपलो. तरी सकाळी शुगर एकशे ऐंशी कशी?"

मधुमेह असलेल्या माणसाचा हा प्रश्न पूर्व विदर्भातल्या लाखांदूरच्या दवाखान्यापासून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. घरचे त्याचं उत्तर लगेच देतात, "लपून काहीतरी खाल्लं असेल." कधी डॉक्टरांच्या नजरेतही तोच संशय दिसतो. हा संशय बहुतेक वेळा अन्याय असतो. सकाळी उठल्याउठल्या बोटातून काढलेल्या थेंबात जी साखर दिसते, तिचा मोठा भाग रात्रीच्या ताटातून आलेलाच नसतो. ती शरीरानेच, माणूस झोपेत असताना तयार केलेली असते. हे नीट समजलं नाही तर माणूस रात्रीचं जेवण तोडत राहतो, गोळी स्वतःच वाढवतो, आणि दोन्हींमुळे नुकसान त्याचंच होतं.

याची सुरुवात यकृतापासून होते. धानाच्या मुलखातल्या माणसाला यकृताचं काम सांगायला घरातली ढोली पुरेशी आहे. कापणी-मळणी झाली की धान ढोलीत जातं आणि पुढे वर्षभर गरजेपुरतं बाहेर काढलं जातं. यकृतही जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेतला काही भाग ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि पोट रिकामं असताना थोडा थोडा परत सोडतं. हा साठा साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. तो उतरू लागला की यकृत प्रथिनांच्या आणि चरबीच्या विघटनातून मिळणाऱ्या घटकांपासून नवी साखर बनवतं. म्हणजे खाणं थांबलं तरी साखरेचा पुरवठा थांबत नाही. तो थांबणं परवडणारंही नाही, कारण मेंदूला एका दिवसात सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि माणूस झोपला म्हणून मेंदूची भूक थांबत नाही.

आकड्यात पाहिलं तर हे अधिक स्पष्ट होतं. निरोगी माणसाच्या संपूर्ण रक्तात कोणत्याही क्षणी जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, साखर असते. उपाशीपोटी यकृत दर मिनिटाला, दर किलो वजनामागे सुमारे दोन मिलिग्रॅम साखर रक्तात सोडतं. साठ किलोच्या माणसात हे तासाला सात ग्रॅमच्या आसपास आणि आठ तासांच्या झोपेत पन्नास ग्रॅमच्या पुढे जातं. एवढी साखर येते आणि तेवढीच खर्च होते, म्हणून आकडा जागच्या जागी राहतो. यकृताला "आता पुरे" असं सांगण्याचं काम स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्सुलिनचं असतं. टाइप २ मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं, किंवा असूनही यकृत त्याला दाद देत नाही. मग येणारी साखर जाणाऱ्या साखरेपेक्षा थोडी जास्त होते आणि रात्रभरात तो जास्तीचा भाग साचत जातो.

रात्रीचं जेवण टाळूनही सकाळचा आकडा खाली येत नाही तो यामुळेच. माणूस जितका वेळ उपाशी राहतो तितका शरीराचा भार यकृतावर पडतो, आणि ज्याच्या यकृतावर इन्सुलिनचा लगाम सैल आहे त्याचं यकृत गरजेपेक्षा जास्त साखर सोडतं. शिवाय उपाशी झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी दुप्पट जेवतो, हे वेगळं सांगायला नको.

आता पहाटेकडे येऊ. मध्यरात्रीनंतर शरीर उठण्याची तयारी सुरू करतं. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत वाढीचं संप्रेरक म्हणजे ग्रोथ हार्मोन मोठ्या प्रमाणात स्रवतं आणि त्याचा इन्सुलिनविरोधी परिणाम काही तासांनी जाणवू लागतो. दोन-तीन वाजल्यापासून कॉर्टिसॉल चढू लागतं आणि जाग येण्याच्या सुमारास ते शिखरावर असतं. ही संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात आणि स्नायूंना ती सहज घेऊ देत नाहीत. पहाटे साधारण चारपासून आठपर्यंत होणाऱ्या या चढाला 'डॉन फिनॉमेनन' असं नाव आहे. ब्राझीलच्या संशोधक मारिया इनेस श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ते वैद्यकाला दिलं. पहाटे इन्सुलिनची गरज निरोगी माणसालाही वाढते. त्याचं स्वादुपिंड न सांगता थोडं जास्त इन्सुलिन सोडतं आणि आकडा हलत नाही. मधुमेह असलेल्याकडे ही जास्तीची शिल्लक नसते, म्हणून एरवी सगळ्यांच्याच शरीरात घडणारी ही गोष्ट त्याच्या ग्लुकोमीटरवर दिसते. त्यात त्याचा दोष काहीच नाही.

फ्रान्समधल्या लुई मोनिये यांच्या गटाने २०१३ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांची साखर सतत मोजून पाहिली, तेव्हा जवळपास निम्म्या लोकांत हा पहाटेचा चढ आढळला. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीवर त्याचा परिणाम सुमारे ०.४ टक्क्यांचा होता. हा आकडा छोटा दिसतो, पण मधुमेहाची एखादी नवी गोळी घेतल्यावर कित्येकदा एवढीच किंवा याहून थोडी जास्त घट मिळते, हे लक्षात घेतलं तर तो छोटा राहत नाही.

पण सकाळी आकडा जास्त आला की तो पहाटेचाच चढ, असंही मानता येत नाही. दुसरं आणि फार मोठं कारण म्हणजे झोपतानाच साखर जास्त असणं. इथे ताटाचा विषय येतोच. लाखांदूर तालुका चुलबंद आणि वैनगंगेच्या पाण्यावर जगणारा धानाचा मुलूख आहे. दोन्ही वेळा भात असतो आणि तो पोटभर असतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेला एचएमटी तांदूळ या सगळ्या पट्ट्यात घरोघरी शिजतो. एका अल्पशिक्षित शेतकऱ्याने दिलेली ही देणगी आहे आणि मधुमेह झाला म्हणून तिला शत्रू ठरवण्याचं कारण नाही. पण हिशेब माहीत असावा. शिजलेल्या शंभर ग्रॅम पांढऱ्या भातात साधारण अठ्ठावीस ग्रॅम कर्बोदकं असतात. रोवणीवरून आलेला माणूस ताटात चारशे ग्रॅम भात सहज घेतो. म्हणजे फक्त भातातून शंभर ग्रॅमच्या वर साखर, आणि तीही सात-आठ वाजता नाही तर कित्येक घरांत नऊ-दहा वाजता. मधुमेहात ही साखर उतरायला जास्त वेळ लागतो. माणूस अडीचशेवर झोपला तर सकाळी दोनशेवर उठणारच. त्याच्या बाबतीत पहाटेच्या संप्रेरकांना बोल लावून उपयोग नाही. भात निम्मा करून ती जागा वरणाने आणि भाजीने भरणं, आधी वरण-भाजी खाऊन मग भाताला हात लावणं, जेवणाची वेळ तासभर आधी आणणं, जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं गावातून एक फेरी मारणं, हे उपाय साधे आहेत आणि खरोखर लागू पडतात. इथल्या चौरास भागात वांगी, वालाच्या शेंगा, पालेभाज्या शेतातच पिकतात. ताटात त्या वाढवायला बाजारातून काही विशेष आणावं लागत नाही.

तिसरं कारण याच्या अगदी उलट आहे, म्हणून ते ओळखायला अवघड जातं. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत सेंट लुईस इथे काम केलेले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोजी यांनी १९३० च्या दशकात पाहिलं की काही रुग्णांचं इन्सुलिन कमी केल्यावर त्यांची साखर वाढण्याऐवजी आटोक्यात आली. त्यांनी अर्थ लावला तो असा: रात्री इन्सुलिन जास्त झाल्याने साखर फार खाली जाते, शरीर घाबरून ॲड्रेनलिन, ग्लुकागॉन, कॉर्टिसॉल सोडतं, आणि सकाळपर्यंत साखर उसळून वर येते. अनेक दशकं ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत जशीच्या तशी शिकवली गेली. पुढे दंडावर चिकटवायच्या सेन्सरने रात्रभर साखर मोजता येऊ लागली, तेव्हा दिसलं की रात्री साखर खाली गेलेल्या बहुतेकांची सकाळची साखरही कमी किंवा बेताचीच असते. उसळीची गोष्ट सोमोजींनी मांडली तितकी सर्रास घडत नाही. पण म्हणून रात्री साखर उतरण्याचा धोका खोटा ठरत नाही. पहाटे दोन-तीनला घाम फुटून, छाती धडधडून जाग आलेला माणूस घाबरून मूठभर साखर, चार बिस्किटं, उरलेला भात, हाताला लागेल ते खातो. सकाळी आकडा दोनशेवर दिसतो. तो डॉक्टरांना फक्त सकाळचा आकडा सांगतो. डॉक्टर रात्रीचा डोस वाढवतात. पुढची रात्र आधीपेक्षा वाईट जाते.

या तिन्ही गोष्टी सकाळी सहा वाजता ग्लुकोमीटरवर सारख्याच दिसतात. तिन्हींवरचा उपाय मात्र वेगवेगळा, एका बाबतीत तर अगदी उलट आहे. म्हणून एकट्या सकाळच्या आकड्यावरून औषध वाढवू नये, कमी करू नये, बदलू नये. रात्र कशी गेली हे कळल्याशिवाय तो आकडा काहीच सांगत नाही.

रात्र कळायला सेन्सर लागतोच असं नाही. साधं ग्लुकोमीटर, काही पट्ट्या आणि गजर लावायला मोबाइल एवढ्यावर भागतं. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री निवडाव्यात, त्यातही रोजच्यासारखं काम आणि रोजच्यासारखं जेवण झालेल्या. झोपताना एक नोंद, पहाटे तीन वाजता दुसरी, उठल्यावर चहाच्या आधी तिसरी. तीनच्या नोंदीसाठी गजर झाला की उठून बोट टोचावं. त्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला लागलेला आंब्याचा रस किंवा गुळाचा कणसुद्धा आकडा पन्नास-शंभरने फुगवतो. बोटाच्या टोकापेक्षा बाजूला टोचलं तर दुखतं कमी. आकडा लगेच वहीत लिहावा. झोपेत लक्षात राहील या भरवशावर सोडू नये. सोबत रात्री काय आणि किती वाजता खाल्लं, गोळी-इंजेक्शन कधी घेतलं, दिवसभर काय काम केलं, हे चार शब्दांत लिहिलं की पुरे.

मग वही वाचायची. झोपताना १४०, तीनला १३५ आणि सकाळी १८५ असेल तर तो पहाटेचा चढ. झोपताना २४०, तीनला २२५, सकाळी २१० असेल तर प्रश्न रात्रीच्या जेवणाचा किंवा एकूणच औषध कमी पडण्याचा. तीनला ६० आणि सकाळी १९० असेल तर औषध वाढवण्याचा विचारही करू नये. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. ७० च्या खाली साखर गेली की ती उतरली असं धरायचं. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि ठीक असेल तर थोडं काही खाऊन झोपायचं. झोपेत साखर उतरत असल्याच्या खुणा घरच्यांनाही दिसतात. गादी घामाने ओली होणं, झोपेत ओरडणं, भयंकर स्वप्नं, सकाळी डोकं जड आणि अंग गळून गेलेलं. शेजारी झोपणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं.

पहाटेच्या चढावर डॉक्टरांकडे उपाय आहेत. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताचं साखर सोडणंच आवरतं, म्हणून ते रात्रीच्या जेवणासोबत देण्याचा विचार होतो. ज्यांना संध्याकाळी एनपीएच प्रकारचं इन्सुलिन दिलं जातं, त्यांचं इन्सुलिन मध्यरात्रीच सर्वांत जोर करतं आणि पहाटे ओसरतं. तेच झोपताना दिलं तर जोर पहाटेकडे सरकतो. काहींना चोवीस तास सारखं चालणारं इन्सुलिन बरं पडतं. कुणाला काय, हे ती तीन आकड्यांची वही पाहून ठरतं. सकाळचं लक्ष्य साधारण ८० ते १३० धरलं जातं. वय जास्त असेल, मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत असेल तर डॉक्टर ते सैल ठेवतात.

आता लाखांदूरच्या हंगामाबद्दल. मला वाटतं, शहरात लिहिलेल्या मधुमेहाच्या पुस्तकांत ही गोष्ट नसते आणि इथे तिच्याशिवाय चालत नाही. जुलैत रोवणी सुरू झाली की बाया दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे लावतात. इतक्या श्रमाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हे ओढणं काम संपल्यावरही थांबत नाही. रिकामे झालेले स्नायू पुढची रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशीही, आपला साठा भरत राहतात. उन्हाळ्यात घरी असताना बसवून दिलेला ग्लिमेपिराइडच्या गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस रोवणीत तसाच राहिला आणि थकव्याने रात्री दोन घास खाऊन झोप लागली, तर पहाटे साखर उतरण्याची पूर्ण तयारी झालेली असते. रोवणी संपून काम बसलं की तोच डोस कमी पडतो आणि आकडा चढतो. म्हणून रोवणी लागण्याआधी आणि कापणी-मळणी संपल्यानंतर डोसबद्दल डॉक्टरांना विचारणं, हा या भागातल्या उपचाराचा नेहमीचा भाग व्हायला हवा. "आता आमची रोवणी सुरू होते आहे," हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.

झोपेचाही असाच संबंध आहे. कृषिपंपाला रात्रपाळीची वीज आली की माणूस बारा-दोनला उठून पाणी फिरवायला जातो. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि शेजारच्या वडसा भागातल्या मंडळ्यांचे प्रयोग रात्रभर चालतात. बघणाऱ्याला घरी यायला उजाडतं. अपुरी आणि तुकड्यातुकड्यांची झोप इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी करते आणि संप्रेरकांचं वेळापत्रक विस्कटते. नाटक बघूच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण जागरणानंतरच्या सकाळचा आकडा पाहून गोळी बदलू नये, एवढं नक्की.

"मी तर किडकिडीत आहे, मला कशी शुगर?" हाही इथला नेहमीचा प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याचं उत्तर आयुष्यभर शोधलं. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली त्यांचा आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचा एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि पोटाच्या आतली, यकृताभोवतीची चरबी इन्सुलिनचं म्हणणं यकृतापर्यंत पोहोचू देत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास त्यांनी केला, त्यात हे लक्षण जन्माच्या वेळीच दिसलं: बाळं हलकी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून. म्हणून अंग बारीक आहे, काम कष्टाचं आहे, म्हणून तपासणीला जायचं नाही, असं करू नये. तिसाव्या वर्षानंतर प्रत्येकाची तपासणी करण्याची सरकारी योजना आहे आणि आशाताई त्यासाठीच घरी येतात.

पूर्व विदर्भाची आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे त्या पेशींवर चिकटलेली साखर मोजणारं एचबीए१सी खरं असतं त्यापेक्षा कमी येतं. नुसते वाहक असलेल्यांतही काही यंत्रांवर आकडा चुकतो. उलट लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तो जास्त दिसू शकतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर तीन महिन्यांच्या एका आकड्यावर विसंबू नये. सकाळची, जेवणानंतरची आणि रात्रीची प्रत्यक्ष मोजणी त्यांच्यासाठी जास्त महत्त्वाची ठरते.

आकडा चढण्यामागे उन्हाळाही असू शकतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की इन्सुलिन आणि पट्ट्या दोन्ही बिघडतात. पत्र्याच्या घरात कपाटावर ठेवलेली इन्सुलिनची बाटली काम करेनाशी होते आणि घरचे खाण्यात चूक शोधत बसतात. फ्रिज नसेल तर पाण्याच्या माठाशेजारी सावलीत, किंवा एका मडक्यात ओली वाळू घालून त्यात ठेवलेल्या कोरड्या डब्यात बाटली ठेवावी. वापरायला घेतलेली बाटली महिन्याने टाकून द्यावी. रोज पोटाच्या एकाच जागी सुई घेतल्याने तिथे गाठ झाली असेल तर त्या जागी टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही; जागा बदलत राहावी.

शेवटी तपासणीच्या दिवसाबद्दल. बारव्हा, दिघोरी, सरांडीकडचा माणूस उपाशीपोटी निघतो, एसटीने लाखांदूरला येतो, रांगेत थांबतो आणि रक्त काढेपर्यंत दहा-साडेदहा वाजतात. उठल्यापासून काही न खाल्लेल्या शरीरात पहाटे सुरू झालेला चढ तोवर चालूच राहतो, त्यात उन्हातली चाल आणि ताण. घरी सहाला १४० असलेली साखर तिथे १७० दिसणं अगदी शक्य आहे. म्हणून घरच्या मोजणीची वही सोबत न्यावी आणि दोन्ही आकडे डॉक्टरांसमोर ठेवावेत. रक्त लवकर काढून घेता येईल का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावं. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घरून घेऊन उपाशी निघू नये. ती पिशवीत ठेवावी, सोबत भाकरी-भाजीचा डबा घ्यावा आणि साखरेची पुडी खिशात असू द्यावी. रक्त दिल्याबरोबर तिथेच बसून गोळी घ्यावी आणि डबा खावा. परतीच्या एसटीची वेळ झाली म्हणून हे घरी जाऊन करू नये.